जांभळीवरचा फोन

जव्हारच्या एसटी स्टँडवर पुष्पा उतरली तेव्हा तिला सगळ्यांत आधी तिचा भाऊ दिसला. समोरच्या बॅनरवर तो दोन माणसांच्या उंचीचा झाला होता. डोळ्यांवर काळा गॉगल, मागे मधोमध तडा गेलेल्या मोबाईलचं चित्र, आणि वर पिवळी अक्षरं : ‘बलाढ्य कंपनीला घाम फोडणारा आपला उमेश!’ उमेशने आयुष्यात गॉगल घातला नव्हता. शुभेच्छुकांत माजी सरपंच तुळशीदासचं नाव सर्वांत मोठं होतं, आणि खाली कोपऱ्यात ‘शकील फोटो व मोबाईल’. गॉगल शकीलनेच कॉम्प्युटरवर चढवला असणार, हे तिने ओळखलं.

एप्रिलचा दुसरा मंगळवार. पोशेऱ्याहून ती सकाळी निघाली होती. अंगणवाडीत मदतनीस होती, सेविकाबाईंना सांगून आली होती : भावाचं कोर्टाचं काम आहे, एक सही करायची आहे.

चहाच्या टपरीवर तेच चाललं होतं.

“एक वॉचमन आणि समोर एवढी मोठी कंपनी! हत्तीच्या कानात मुंगी शिरली म्हणायची.”

“आता मिस कॉल द्यायचा तरी उमेशला विचारून द्या रे.”

“माझा मेहुणा नुसत्या शिट्टीवर बैल थांबवतो. त्याचं पण पेटंट काढून टाकू.”

बाकावर एक निवृत्त मास्तर बसले होते. ते म्हणाले, “रिंगा मोजण्याचं कसलं आलंय पेटंट? उद्या कुणी खोकल्याचं काढेल. दारात खोकून आत जातो म्हणून माझ्यावर केस.”

“मास्तर, तुम्ही कंपनीच्या बाजूचे का?”

“मी कुणाच्याच बाजूचा नाही.”

“मग गप चहा प्या ना.”

सगळे हसले. पुष्पाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बॅनरवर बहिणीचा फोटो नव्हता.

प्रकरण असं होतं. फोन न उचलता नुसत्या रिंगांच्या संख्येवरून निरोप ओळखायचा, ही युक्ती आपल्या मालकीची आहे, असं ठाण्याच्या एका कंपनीचं म्हणणं होतं. त्या कंपनीला कारखाना नव्हता, दुकान नव्हतं. एक खोली होती, दोन वकील होते आणि कपाटभर पेटंटं होती. त्यांतल्या एकावर संशोधक म्हणून उमेशचं नाव होतं. अर्जाची तारीख ९ सप्टेंबर २०१३. गेल्या वर्षी जगभर फोन विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या नव्या फोनांत तशीच सोय आणली आणि ठाणेकरांनी तिला मुंबईच्या कोर्टात खेचलं. बातमी पेपरात आली. बऱ्याच वर्षांनी या भागाचं नाव कुपोषण आणि टँकर सोडून तिसऱ्याच कशासाठी तरी छापून आलं होतं. लोकांना पेटंट म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं. पण आपल्या माणसाने कुणा मोठ्याची कॉलर धरली आहे, एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

पुष्पाला त्याहून थोडं जास्त ठाऊक होतं.

सूर्यमाळच्या तिच्या माहेरच्या पाड्यावर फोनला रेंज एकाच जागी येते. टेकाडावर जांभळीचं झाड आहे, तिथे, आणि तीही फांदीच्या उंचीवर. पाड्यात पहिला फोन आला २००९च्या उन्हाळ्यात, रुपीच्या नवऱ्याचा. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने जांभळीला टांगला गेला, तो पुढे तिथलाच झाला. पाण्याचा टँकर चालवायचा लाडक्या. खाली धरणावर टँकर भरला की तो एक रिंग देऊन कट करायचा. घाटाच्या पायथ्याशी आला की दोन. आणि टँकर येणारच नसला, तर रिंग आपोआप थांबेपर्यंत वाजू द्यायची. फोन कुणी उचलायचा नाही. उचलला की लाडक्याचा बॅलन्स जातो. हे कुणा एकीचं डोकं नव्हतं. एक रिंग रुपीने सुचवली, दोन रिंगा रखमीने. पुरी रिंग पुष्पाच्या आईची, सकूची. ती म्हणाली होती, “पुरी वाजली का हंडे उचला आन घरी जा. वाट बघून पाणी येत नाय.”

पुढच्या वर्षी, १४ मे २०१० रोजी, पुष्पाचं लग्न झालं. पाड्यातल्या पंधरा बायांनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला. चौकाच्या आत देवी. बाहेर, रिवाजाप्रमाणे, जे रोज डोळ्यांसमोर असतं ते : बैल, शिडी, नाचणारी माणसं. त्यांतच एका कोपऱ्यात सकूने जांभळी काढली, जांभळीला लटकलेला चौकोनी फोन काढला, फोनातून निघालेल्या आवाजाच्या दोन कमानी काढल्या, आणि खाली हंडे घेऊन पळणाऱ्या बायांची रांग. पोशेऱ्याची वऱ्हाडी मंडळी हसून लोटपोट झाली. शकीलने तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता. त्याने त्या भिंतीपुढे पुष्पाला उभं करून फोटो काढला. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटली.

तेव्हा उमेश सोळा वर्षांचा होता. पीठ कालवायला तोच होता.

“बाय, आलीस?” उमेश तिला शोधत आला. गॉगल नव्हता, डोळ्यांखाली काळं होतं. “वकील मॅडम दोनला येतात. तंवर शकीलभाईंच्या दुकानात बसू. स्टँडवर नको. लोक फोटो काढतात.”

दुकानात शकील एका फोनचं पोट उघडून बसला होता. “या पुष्पाताई. पेटंटवाल्याच्या भगिनी! चहा सांगू?”

“पाणी द्या नुसतं.”

उमेश खालच्या आवाजात म्हणाला, “बाय, तो फोटो हाय का तुझ्याकडं?”

“कुठला?”

“लग्नातला. भिंतीचा.”

शकीलचा स्क्रू ड्रायव्हर हातातच थांबला.

“ट्रंकेत हाय,” पुष्पा म्हणाली. “का?”

“कुणाला दाखवू नको. केस होईपर्यंत.”

“उमेश, तू त्या लोकांना सांगितलंस तरी काय?”

त्याने सांगितलं. ठाण्यात ज्या बिल्डिंगवर तो रखवालीला होता, तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून त्याच्यापाशी बसावं लागलं. गप्पांत त्याने जांभळीवरच्या फोनची गंमत सांगितली. साहेबांनी दोनदा विचारून घेतली. आठवड्याने कागद आणले. म्हणाले, याचा अर्ज करू, नाव कुणाचं टाकू?

“मी म्हटलं, माझं टाका. आता सांग, मी काय चुकलो? वीटभट्टीवर टोळीचा अंगठा एकच नसतो का? बाबा मुकादम होते, दहा वर्षं तेच अंगठा द्यायचे. नाव एकाचं, काम टोळीचं. मला वाटलं, हे पण तसंच.”

“बाबा घरी आले का ओटीवर सगळ्यांना बसवून सांगायचे, कशावर अंगठा दिला ते. तू कुणाला सांगितलंस?”

उमेशने मान खाली घातली. “मला काय ठाऊक त्याचं एवढं होईल. दहा वर्षं तं कुणी विचारलं पण नाय.”

“आणि आता?”

“आता मागं फिरता येत नाय. मी शपथेवर लिहून दिलंय का ही युक्ती माझ्या एकट्याची. ते खोटं निघालं तं कंपनी हात वर करंल आन मी आत जाईन. मॅडमनीच सांगितलं.”

शकीलने फोन बाजूला ठेवला. पेटंटवाल्याचं कौतुक त्याने परत केलं नाही.

नोटरीचं टेबल कोर्टाच्या कंपाउंडबाहेर, पत्र्याच्या छपराखाली होतं. वकील मॅडम तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी पुष्पाला खुर्ची दिली, प्रवास कसा झाला विचारलं, मग तीन पानांचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. “इथे, इथे आणि इथे सही.”

“वाचते,” पुष्पा म्हणाली.

मॅडमनी उमेशकडे पाहिलं. पुष्पा वाचत राहिली. नाव, वय, गाव, नातं, सगळं बरोबर. चौथा परिच्छेद असा होता : ‘माझा जन्म व बालपण सूर्यमाळ येथे गेले असून, सन २०१३ पूर्वी सदर पाड्यात किंवा परिसरात रिंगांच्या संख्येवरून निरोप देण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नव्हती, हे मी स्वतःच्या माहितीवरून सांगते.’

“हे तं तसं नाही,” ती म्हणाली.

“ताई, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या गोष्टी कुणाला नक्की आठवतात?” मॅडम म्हणाल्या. “समोर केवढी मोठी कंपनी आहे बघा. सगळ्या जगाकडून ती घेते. आपल्या एका माणसाने तिच्याकडून थोडं घेतलं तर कुणाचं काय जातं? तुमच्या पाड्याचं तर नक्कीच काही जात नाही.”

उमेश बोटांची नखं बघत होता. पुष्पाला त्या क्षणी सही करावीशी वाटली. खरोखर कुणाचं काय जात होतं? पेन तिने हातातही घेतलं. मग म्हणाली, “आईला विचारून उद्या येते.”

“आईंच्या सहीची गरज नाही.”

“सहीसाठी नाही. विचारायला.”

स्टँडवर मोखाड्याची गाडी लागली होती. शकील धावत आला आणि खिडकीतून एक पाकीट आत सरकवलं. “जुनी सीडी सापडली. तारखेसकट प्रिंट काढली. ट्रंकेतली एक खराबबिराब झाली तर दुसरी असावी म्हणून. मी दिली असं मात्र म्हणू नका, ताई. बॅनरवर माझं नाव आहे.”

पाच वाजता ती पाड्याखालच्या विहिरीवर पोचली तेव्हा बाया अजून तिथेच होत्या. टँकर तिथल्या विहिरीत पाणी सोडतो. अकरा वाजल्यापासून त्या उन्हात बसल्या होत्या आणि टँकर आला नव्हता. चंद्रकलाच्या मनगटाला फडकं बांधलेलं. परवा अंधारात टँकरचा आवाज ऐकून धावली, दगडावर पडली.

“एवढ्या लवकर येऊन कशाला बसता?” पुष्पाने विचारलं. “रिंगेवर या ना.”

“कसली रिंग?” रुपी म्हणाली. “नऊ दिस झाले. लाडक्याचा फोन बिघडलाय म्हणं.”

लाडक्याचा फोन बिघडलेला नव्हता. पुष्पाने जांभळीखालच्या दगडावर चढून त्याला लावला आणि त्याने पहिल्याच रिंगेत उचलला. आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाला, “ठेकेदाराला वकिलाची नोटीस आलीय, बाय. फोटो धाडतो, तूच वाच. मी बायांना काय सांगू? तुझ्या भावाचं नाव हाय त्यात.”

नोटिशीत लिहिलं होतं की टँकरच्या फेऱ्या रिंगांच्या संख्येवरून कळवण्याची पद्धत पेटंटने संरक्षित आहे, ती परवान्याशिवाय वापरू नये, वापरल्यास कारवाई होईल. खाली पेटंटचा क्रमांक. संशोधक : उमेश. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. आपण हक्क सोडलेला नाही, हे कोर्टाला दाखवायला ठाण्याच्या कंपनीने टँकरच्या ठेकेदारासारख्या लहान माणसालाही एक कागद पाठवला होता. ठेकेदाराने घाबरून ड्रायव्हरांना रिंगा बंद करायला लावल्या होत्या.

पुष्पाने विहिरीवर येऊन ते मोठ्याने वाचलं, अवघड शब्द सोपे करून. नंतर प्रतिज्ञापत्राचंही सांगितलं.

“म्हंजे आमची रिंग आमालाच बंद?” रुपी म्हणाली.

“कुंपणानंच शेत खाल्लं,” रखमी म्हणाली. मग सकूकडे बघून ओशाळली.

महिन्यापूर्वी मोठ्या कंपनीचा एक माणूस बॅग घेऊन पाड्यावर आला होता. रिंगांची पद्धत कधीपासून आहे, विचारत होता, पोरांना पेनं वाटत होता. पाड्यात कुणी त्याला उत्तर दिलं नाही. सकूने त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, मला ऐकू येत नाय. त्याचा नंबर छापलेलं कार्ड तिच्या पत्र्याच्या डब्यात पडून होतं.

“आपण खरं लिवून दिलं तं ती मोठी कंपनी जिंकंल ना?” चंद्रकलाने विचारलं.

“जिंकेल.”

“मंग ती आपल्याला टॉवर देल?”

“नाय.”

“बरं,” चंद्रकला म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून बसली.

दिवस मावळायच्या आत पुष्पा पुन्हा जांभळीखाली गेली. मागोमाग सकूही आली. दगडावर चढून पुष्पाने उमेशला फोन लावला.

“मी सही करणार नाय. तुला आधी सांगते, मग दुसऱ्यांना. उद्या आमी सगळ्या लिहून देणार, फोटो जोडून. एक कागद तुझ्या मॅडमना, एक त्या पेनवाल्याला.”

“बाय, गावात बॅनर लागलाय.”

“बॅनर उतरतो.”

“मला आत टाकतील.”

“टाकतील का नाय ते मला कळत नाय, उमेश. मी खोटा धीर देणार नाय. पण तू ये. पहिलं नाव तूच लिही. लिही का टोळीच्या वतीनं नाव दिलं होतं. दुसऱ्यानं सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं. आन नोटीस वाचली का तू? चंद्रकलाचा हात मोडलाय.”

“कसली नोटीस?”

तिने सांगितली.

“मला नाय सांगितलं कुणी,” तो म्हणाला.

“टोळीला पण नाय सांगितलं कुणी. सकाळी येतो का नाय, तेवढं कळव.”

सकूने एवढा वेळ झाडाच्या बुंध्याला हात लावून ऐकलं होतं. तिला व्यवस्थित ऐकू येत होतं. ती म्हणाली, “बाकीच्यांचे अंगठे घे. माझा पोरगा आल्यावर देईन. त्याच्या तोंडासमोर देईन. पाठीमागं नाय.”

“आणि नाय आला तर?”

“येल,” सकू म्हणाली. “सांजेला कां होईना, येल.”

सकाळी जांभळीखाली बसून पुष्पाने अंगणवाडीच्या रेघांच्या वहीतलं पान फाडून लिहिलं : ‘आम्ही खाली अंगठे देणाऱ्या बाया २००९ सालापासून जांभळीवरच्या फोनच्या रिंगा मोजून पाणी भरतो. ही युक्ती आमच्या सर्वांची आहे. सोबत १४ मे २०१०चा फोटो.’ दुसऱ्या पानावर तेच परत उतरवलं. मग पंधरा नावं. शाईचा पॅड नव्हता. रुपीने चुलीवरचा तवा उपडा करून आणला. त्याच्या काजळीवर तेल टाकून एकेकीने अंगठा घासला. चंद्रकलाचा उजवा हात उचलवत नव्हता म्हणून तिने डावा दिला. रखमीने देताना विचारलं, “यात उमेशला काय होणार नाय ना?” पुष्पा म्हणाली, “होईल पण.” रखमीने अंगठा तसाच हवेत धरला, सकूकडे पाहिलं. सकू हंडा उपडा घालून त्यावर बसली होती, नजर खाली घाटाच्या वळणाकडे. रखमीने अंगठा टेकवला.

दहा वाजेपर्यंत दोन्ही पानांवर चौदा झाले. पंधराव्या, सकूच्या नावापुढची जागा कोरी होती. नऊच्या गाडीने उमेश उतरला असता तर एव्हाना टेकाडाच्या वाटेवर दिसायला हवा होता. बाया टँकरची वाट बघत होत्या; सकू कसलीच वाट बघत नसल्यासारखी बसली होती.

अकराच्या सुमारास जांभळीवरचा फोन वाजला.

दहा दिवसांत पहिल्यांदा. सगळ्या एकदम उठल्या. एक रिंग झाली. रुपीने हंड्याला हात घातला. दुसरी झाली. “पायथ्याशी आला वाटतं लाडक्या,” कुणीतरी म्हणालं, आणि तेवढ्यात तिसरी झाली. मग चौथी. कुणी पुढे गेलं नाही. इतक्या वर्षांत तो फोन वाजताना उचलायचा नाही, हे अंगात मुरलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत तो थरथरत राहिला, वाजत राहिला, आणि मग आपोआप थांबला.

पुष्पाने दगडावर चढून पिशवी खाली ओढली. पडद्यावर लाडक्याचं नाव नव्हतं. तिने फोन आईपुढे धरला. सकूला वाचता येत नव्हतं, पण नंबरासोबत लावलेला पोराचा फोटो ओळखायला वाचावं लागत नाही.

“थोरली बाय म्हणून तुला केला असंल,” रखमी हळूच म्हणाली. “परत लाव ना. बोल त्याच्याशी.”

“माझा फोन पण रातीपासून फांदीलाच हाय. माझ्याशी बोलायचं असतं तं त्यावर केला असता,” पुष्पा म्हणाली. “त्याला ठाऊक हाय हा कुणी उचलत नाय.”

सकू उठली. लुगड्याला हात पुसून ती तव्याजवळ बसली, अंगठा काजळीवर सावकाश फिरवला. पुष्पाने पान पुढे केलं आणि जागा दाखवली. सकूने अंगठा दाबून धरला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. दुसऱ्या पानावरही तसाच. उचलला तेव्हा रेघा बुजून नुसता काळा ठिपका उमटला होता.

मग तिने उपडा घातलेला हंडा उचलला, काखेला मारला आणि कुणाकडे न बघता घराच्या वाटेला लागली. टँकर येणार की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी एकेक करून बाकीच्या बायांनीही हंडे उचलले.